भुकेचा फोटो आणि कोतवालाची दवंडी

गेले सहा-सात महिने माझे शनिवार एका अन्नमदत संस्थेकडे गहाण पडले आहेत. फार थोर काम करतो अशातला भाग नाही. पोती उचलत नाही, पुरात होडी घेऊन जात नाही. घरात पंख्याखाली बसून करायचं काम आहे. संस्थेकडून इंग्रजीत मजकूर येतो, सोबत चार-पाच फोटो येतात. त्यातला एक निवडायचा, मराठी आणि हिंदीत चार-चार ओळी लिहायच्या, कुठल्या वेळी झळकवायचं ते लावून ठेवायचं आणि नंतर खाली लोक जे काही लिहितात त्यांना शांतपणे उत्तरं द्यायची. नाव मात्र भारदस्त आहे: 'संवाद व समाजमाध्यम स्वयंसेवक'. आठवडाभर हापिसात जे करतो त्याच्या मानाने हे सोपंच. निदान रात्री तीनला सर्व्हर पडल्याचा फोन येत नाही.

पंधरवड्यापूर्वी मात्र अडकलो. दोन फोटोंत निवड करायची होती. एकात वाटी पुढे धरलेली चार-पाच वर्षांची मुलगी, नजर थेट कॅमेऱ्यात. दुसऱ्यात रांगेत उभ्या असलेल्या पाठमोऱ्या बायका, हातात शिधावाटपाची कार्डं, आणि बाजूच्या भिंतीवर चिकटवलेला एक कागद. त्या कागदावर काय लिहिलंय ते एक बाई मान वर करून वाचत होती. समन्वयक ताईंनी सोबत लिहिलं होतं, "पहिला घे, त्याचे आकडे चांगले येतात." आकडे म्हणजे किती जणांनी पाहिलं आणि त्यातल्या किती जणांनी देणगीचं बटण दाबलं. ताईंना वर हिशोब द्यावा लागतो, त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी पहिला घेतला. आकडे चांगले आले. आणि मग रात्री उगाचच डोक्यात भुंगा लागला की हे असं वाटी धरलेलं पोर दाखवून पैसे मागायची पद्धत आली कुठून? कोणी सुरू केली? पुढचे दोन विकांत त्यातच गेले. जे सापडलं ते इथे मांडतोय. इतिहास हा माझा विषय नाही (दहावीत ५८), तेव्हा सांभाळून घ्या.

सुरुवात निघाली आपल्याकडेच. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. दख्खन, म्हैसूर, मद्रास इलाखा, सगळा पट्टा होरपळला. मेलेल्यांचे अंदाज पन्नास लाखांच्या वर जातात. त्या काळात विलोबी वॉलेस हूपर नावाचा एक लष्करी अधिकारी मद्रास इलाख्यात होता, त्याला फोटोग्राफीचा नाद. त्याने दुष्काळग्रस्तांचे फोटो काढले. ते आज जालावर सहज सापडतात, पण जेवताना बघू नका. मला त्यातल्या हाडांपेक्षाही जास्त खटकली ती मांडणी. सहा-सात माणसं नीट ओळीने बसवलेली, काही मागे, काही पुढे, मध्ये मूल. लग्नानंतर स्टुडिओत जाऊन कुटुंबाचा फोटो काढतात तशी. त्या काळच्या कॅमेऱ्यासमोर स्थिर राहावं लागायचं. म्हणजे ज्यांना धड बसता येत नाही अशा माणसांना कोणीतरी सांगितलं असणार, हलू नका.

पण त्या फोटोंचा परिणाम झाला हेही खरं. अशा फोटोंवरून कोरलेली चित्रं १८७७ मध्ये लंडनच्या सचित्र साप्ताहिकांत छापून आली. मद्रासहून लंडनच्या लॉर्ड मेयरकडे मदतीचं आवाहन गेलं, तिथे मॅन्शन हाऊस फंड उघडला गेला आणि लाखो पौंड गोळा झाले. मद्रासमधला संपादक विल्यम डिग्बी हा मदत समितीचा चिटणीस होता. त्याने पुढे १८७८ मध्ये या सगळ्या मोहिमेवर दोन खंडांचा ग्रंथच लिहिला. म्हणजे आजच्या भाषेत फोटो, आवाहन, देणगी आणि शेवटी अहवाल, सगळी साखळी दीडशे वर्षांपूर्वीच तयार होती. आम्ही फक्त बटण लावलं.

आता त्याच दुष्काळातली दुसरी गोष्ट. ती इतकी चित्रमय नाही, म्हणून कमी माहिती असते. सर रिचर्ड टेम्पल हे सरकारचे दुष्काळी दूत. त्यांनी खर्च आवरण्यासाठी दुष्काळी कामावरची मजुरी उतरवली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य (म्हणजे साधारण ४५० ग्रॅम) आणि वर चिल्लर. त्यावर दिवसभर दगड फोडायचे. याला लोक 'टेम्पल रेशन' म्हणू लागले. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर काम करणारा माणूस जगत नाही असं आकडेवारीनिशी मांडलं. आणि मुंबई इलाख्यात १८७७ च्या जानेवारीत हजारो मजुरांनी कामं सोडली. उपाशी लोकांचा संप! पुण्याची सार्वजनिक सभा (स्थापना १८७०) यात त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे ही तिथली मंडळी. सभेने काय केलं? गावोगावच्या आपल्या माणसांकडून माहिती मागवली. कुठे किती पाऊस, कुठे कामं बंद, मजुरी किती, लोक कुठे निघून गेले. आणि त्याची टिपणं करून एकामागून एक सरकारला पाठवली. फोटो नाही, रडगाणं नाही, तक्ते. मला तर एकदम बग रिपोर्ट वाचल्यासारखं वाटलं: अमुक ठिकाणी, अमुक तारखेला, अपेक्षित हे, प्रत्यक्षात हे.

त्या दुष्काळानंतर सरकारने फॅमिन कमिशन नेमलं, आणि १८८० नंतर फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळसंहिता, तयार झाली. ही चीज मुळातून समजून घेण्यासारखी आहे. पाऊस गेला, भाव चढले, लोक गाव सोडायला लागले की आधी 'चाचणी कामं' उघडायची. मेहनत जास्त, मजुरी कमी. तरीही लोक आले तर समजायचं की टंचाई खरी आहे. मग दुष्काळ जाहीर करायचा, आणि एकदा जाहीर केला की पुढची सगळी कलमं लागू: कामं, मजुरीचे दर, म्हातारे-आजारी लोकांना फुकट शिधा, सारा तहकूब किंवा माफ. सरळ सरळ जर-तर. कोड हे नाव आमच्या धंद्यातल्या माणसाला भलतंच आवडतं, पण यातली गोम अशी की हा कोड इंग्रजीत आणि कलेक्टरच्या कपाटात. ज्याच्यासाठी तो लिहिला त्याला त्याचा पत्ताच नाही.

१८९६ ला पाऊस पुन्हा फसला. तोवर सार्वजनिक सभा टिळकांच्या हाती आली होती (रानडे-गोखले मंडळींनी वेगळी डेक्कन सभा काढली, तो भाऊबंदकीचा भाग सोडून देऊ). टिळकांनी केलं ते एका वाक्यात सांगता येतं: कपाटातला कोड काढून लोकांना वाचून दाखवला. केसरीतून संहितेतल्या तरतुदी मराठीत छापल्या. सोप्या भाषेतली पत्रकं काढून वाटली. सभेचे कार्यकर्ते, त्यात तरुण शिकलेली पोरं बरीच, गावोगाव गेले, सभा घेतल्या, आणि शेतकऱ्याला सांगितलं की पीक अमुक आण्याच्या खाली गेलं तर सारा मागता येत नाही, काम मागणं हा तुझा हक्क आहे, अर्ज असा करायचा. सारा भरण्यासाठी बैल विकू नका, कर्ज काढू नका. तेवढं करून तिथेच थांबले नाहीत. गावातून जे कळलं ते लिहून पुन्हा सरकारकडे पाठवत राहिले.

सरकारला काय झोंबलं ते बघा. सभेने कोणतीही गुप्त गोष्ट फोडली नव्हती. सरकारनेच केलेला नियम सरकारच्याच रयतेला सांगितला होता. तरी कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. धोरणाबद्दल सरकारला काही लिहून कळवण्याचा या संस्थेला यापुढे अधिकार नाही, असं ठरवलं. (टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली, पण ती केसरीतल्या वेगळ्या मजकुरावरून. दोन्हीची गल्लत होते म्हणून सांगितलं.)

माझ्या पदाचं नाव त्या पोरांना लावलं तर चालेल का हो? 'संवाद स्वयंसेवक', पुणे, १८९६. फक्त एक फरक. मी जे लिहितो ते ज्याचं पोट भरलंय त्याच्यासाठी असतं. ते ज्यांच्यासाठी लिहीत होते त्याच्या घरी चूल पेटत नव्हती.

इथून युरोपात एक चक्कर मारू, कारण वाटीवाल्या पोराची थेट पणजी तिथे भेटते. पहिलं महायुद्ध संपलं तरी इंग्लंड-मित्रराष्ट्रांनी जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी उठवली नव्हती. व्हिएन्नात मुलं उपाशी. एग्लंटाइन जेब नावाची एक बाई १९१९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ट्राफल्गर चौकात पत्रकं वाटत होती. पत्रकावर ऑस्ट्रियातल्या अडीच वर्षांच्या मुलीचा फोटो, डोकं मोठं आणि अंगाची काडी झालेली. पत्रक सेन्सॉरला न दाखवता वाटलं म्हणून पकडली, मे महिन्यात खटला झाला, पाच पौंड दंड. आणि ज्या सरकारी वकिलाने, सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी, तिच्याविरुद्ध खटला चालवला त्यांनीच नंतर आपल्या खिशातून पाच पौंड काढून तिला दिले. त्याच आठवड्यात अल्बर्ट हॉलमध्ये सभा होऊन 'सेव्ह द चिल्ड्रन' फंड सुरू झाला. बॉडकिनचे पाच पौंड ही त्याची पहिली देणगी मानतात. आता या फोटोला काय म्हणणार? शत्रुराष्ट्रातलं पोर दाखवायला १९१९ मध्ये छाती लागत होती. तुरुंगाची तयारी ठेवून दाखवलेला फोटो आणि आकडे चांगले येतात म्हणून लावलेला फोटो दिसायला अगदी सारखेच असतात, ही माझी अडचण.

मग १९४३. बंगाल. हे सगळ्यात जास्त वाचलं, आणि दोन्ही धागे इथे एकमेकांत अडकतात.

वर सांगितलेला जर-तरचा कोड आठवतोय ना? बंगालमध्ये कोड होता. पण दुष्काळ जाहीरच केला नाही. जाहीर केला असता तर कामं, शिधा, सगळं देणं लागलं असतं, आणि द्यायला धान्य नव्हतं, किंवा द्यायची इच्छा नव्हती, यावर इतिहासकार अजून भांडतात. ट्रिगरच दाबला नाही, तेव्हा पुढचं काहीच चाललं नाही. वर युद्धकाळातली सेन्सॉरशिप. 'दुष्काळ' हा शब्द छापायची पंचाईत. कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरत होती आणि पेपरात 'अन्नाची परिस्थिती' होती.

'स्टेट्समन' हा इंग्रज मालकीचा पेपर, संपादक इयन स्टीफन्स, तेही इंग्रज. सरकारविरुद्ध उठाव वगैरे करणारा माणूस नव्हे. त्यांनी नियम पुन्हा पुन्हा वाचले आणि त्यांच्या लक्षात आलं की निर्बंध शब्दांवर आहेत, फोटोंबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. (स्पेसिफिकेशनमध्ये राहिलेलं भोक शोधणारा टेस्टर असाच असतो.) त्यांनी शहरात फोटोग्राफर पाठवले आणि रविवार, २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकात फुटपाथवरच्या भुकेल्या माणसांचे फोटो छापले. पुढच्या रविवारी पुन्हा. सोबत कडक अग्रलेख. अंक हातोहात संपले. दिल्लीला, लंडनला आता माहीत नाही म्हणायची सोय उरली नाही. ऑक्टोबरमध्ये वेव्हेल व्हाइसरॉय म्हणून आले, आल्या आल्या कलकत्त्याला गेले आणि मदतीच्या कामाला लष्कर लावलं. तोवर फार उशीर झाला होता. सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाख मृत्यू धरले, नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन तेव्हा नऊ वर्षांचे होते, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. मोकळी वृत्तपत्रं असलेल्या लोकशाहीत मोठा दुष्काळबळी जात नाही, हे त्यांचं नंतरचं प्रसिद्ध मत मांडताना ते स्टीफन्सचा उल्लेख आवर्जून करतात.

त्याच वर्षी चित्तप्रसाद हा तरुण चित्रकार मेदिनीपूरच्या गावांतून पायी फिरत होता. काळ्या शाईची रेखाटनं. आणि कित्येक रेखाटनांवर त्या माणसाचं नाव, गाव, घरातलं कोण गेलं, ते लिहिलेलं. 'हंग्री बेंगाल' नावाची पुस्तिका निघाली, सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्तप्रसाद नंतर मुंबईला आले आणि अंधेरीत वर्षानुवर्षं राहिले. हूपरच्या एकाही फोटोखाली मला माणसाचं नाव सापडलं नाही. चित्तप्रसादांकडे आहे. मधल्या पासष्ट-सत्तर वर्षांत एवढा तरी फरक पडला म्हणायचा.

पुढचं भराभर सांगतो. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम १९६१ मध्ये ठरला. कल्पना मांडली अमेरिकेच्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी. तीन वर्षांचा प्रयोग १९६३ पासून सुरू व्हायचा होता, पण १९६२ च्या सप्टेंबरात इराणात भूकंप झाला आणि त्याआधीच गहू-साखर-चहा पाठवावा लागला. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये मायकेल बर्क आणि कॅमेरामन मोहम्मद अमीन यांचा इथिओपियातल्या कोरेमचा वृत्तांत बीबीसीवर लागला आणि त्यातून १३ जुलै १९८५ चा 'लाइव्ह एड' जलसा झाला. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असतं ते हे, की त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, यर्गेन लिस्नर नावाच्या मदतक्षेत्रातल्याच माणसाने 'दुःखाचे व्यापारी' अशा अर्थाचा लेख लिहून या फोटोंवर टीका केली होती, आणि १९८९ मध्ये युरोपातल्या संस्थांनी फोटो आणि मजकूर कसा असावा याची आचारसंहिता केली. माणसाची प्रतिष्ठा राखा, कारणं सांगा, निव्वळ लाचार चेहरा दाखवू नका. आम्हाला रुजू होताना जे दोन पानी नियम वाचायला देतात ते त्याचेच नातू.

मध्ये आपल्याकडचं १९७२ राहिलं. त्यासाठी मी आजीला फोन केला.

आजी बीड जिल्ह्यातली. बहात्तरला विशीतली, थोरला काका काखेत. महाराष्ट्रात त्या दुष्काळात १९७३ च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. त्यातली एक ती. बंगालसारखे मृत्यू झाले नाहीत, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, वगैरे मी वाचलं होतं. म्हटलं, प्रत्यक्ष साक्षीदाराला विचारावं. मी विचारलं, आजी, तेव्हा कामावर कोणी फोटो काढायला यायचं का?

"यायचे की जीपगाडीतून. आमी पदर घ्यायचो तोंडावर."

मिलो आठवते का? (अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी.) "ती लाल? भाकर थापताना फुटायची. सुकडी मात्र ग्वाड. तुझा काका तिच्यावरच वाढला." मग मी माझ्या फोटोच्या पेचाबद्दल तिला सांगायला लागलो. तिने मधेच तोडलं. "आरं, फोटूचं काय घिऊन बसलास. काम कुटं निघालंय ते कळाया पायजे आदी." आणि मग तिने पन्नास वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. कोतवालाने दवंडी दिली की अमक्या शिवारात तलावाचं काम निघालंय. पोराला घेऊन ती आणि तिची जाऊ दोन कोस चालत गेल्या. तिथे मुकादम म्हणाला, मस्टर कालच भरलं. दवंडी एक दिवस उशिरा दिली गेली होती. परत दोन कोस. घरात दाणा नाही. जाऊ पोटुशी होती. "त्या दिशी लई रडलो," एवढंच म्हणाली. पुढे शाळेतले मास्तर पंचायतीच्या भिंतीवर लावलेला कागद बायकांना वाचून दाखवायला लागले, तेव्हापासून चुकामूक झाली नाही.

फोन ठेवल्यावर मला जे आठवलं ते मी चार-पाच वर्षं आठवायचं टाळत होतो.

२०२०. शेवटचं वर्ष, कॉलेज बंद, मी पुण्यात अडकलेलो. आम्ही सात-आठ मित्रांनी एक यादी केली: पिंपरी-चिंचवड परिसरात कुठे फुकट जेवण मिळतं, वेळ काय, फोन कोणाचा. स्प्रेडशीट आणि त्यातून आपोआप तयार होणारा व्हॉट्सअ‍ॅप निरोप, हिंदी आणि मराठीत. स्क्रिप्ट मी लिहिली होती, आणि तिचा मला बराच अभिमान होता. पत्ते तपासायला रोज फोन करायचो. पण निरोप एकदा सुटला की तो लोकांच्या गटांतून फिरत राहतो, तो परत बोलावता येत नाही. त्यावर तारीख टाकायचं मला सुचलं नव्हतं. एवढंच. तारीख.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी फोन आला. हिंजवडीजवळच्या बांधकामावरचा माणूस, बिहारचा, सोबत अजून तिघे. यादीतला पत्ता बघून उन्हात चालत चिंचवडला आले होते. "भैया, यहाँ तो ताला है." ते स्वयंपाकघर तीन दिवसांपूर्वी बंद झालं होतं. यादीत आम्ही ते काढलंही होतं, पण त्याच्या फोनमध्ये आठवड्यापूर्वीचा निरोप होता. मी दुसरा पत्ता सांगितला, तिथे फोन करून चार जणांचं ठेवायला लावलं. ते पोचले की नाही कळलं नाही, त्याचा फोन नंतर लागला नाही. जुनी माहिती वेळेत बाद करणं ही आमच्या क्षेत्रातली सर्वात अवघड गोष्टींपैकी एक, असं आम्ही चहा पिताना हसत सांगतो. मी त्या दिवसानंतर तो विनोद केलेला नाही. निरोपावर तारीख आणि 'जाण्यापूर्वी फोन करा' अशी ओळ त्याच संध्याकाळी घातली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाला शांततेचं नोबेल मिळालं. बातमी वाचून मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण डोळ्यांसमोर ते कुलूप आलं.

माझ्या जातीच्या लोकांनी, म्हणजे प्रोग्रामर लोकांनी, या क्षेत्रात काही भलं केलंच नाही असं नाही. 'फ्रीराइस' शाळेच्या लॅबमध्ये मीही खेळलोय. जॉन ब्रीन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने २००७ च्या ऑक्टोबरमध्ये मुलाचा शब्दसंग्रह वाढावा म्हणून केलेला शब्दांचा खेळ. बरोबर उत्तराला दहा दाणे तांदूळ, पैसे जाहिरातीतून. पहिल्या दिवशी ८३० दाणे जमले, म्हणजे धड एक मूठही नाही. पण खेळ पसरला आणि २००९ मध्ये त्याने तो तसाच्या तसा अन्न कार्यक्रमाला देऊन टाकला. यात एकही रडणारं पोर दाखवायला लागलं नाही, हे मला फार आवडतं.

आणि समाजमाध्यमांच्या ताकदीबद्दल फुशारकी मारायची झाली तर २०१४ चा डिसेंबर आहे. पैसे संपले म्हणून सीरियाच्या सतरा लाख निर्वासितांची अन्नाची कार्डं १ डिसेंबरला बंद पडली. गरज होती ६ कोटी ४० लाख डॉलर्सची. 'एक डॉलर द्या' अशी मोहीम जालावर चालवली आणि आठवडाभरात ८ कोटी जमले! हे आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. आता आतला हिशोब: सुमारे १४ हजार सामान्य लोक आणि खाजगी देणगीदार मिळून त्यातले १८ लाख. उरलेले बहुतेक सरकारांनी दिले. लोकांच्या गलक्यामुळे सरकारं हलली असं म्हणता येईल, आणि मी तसंच म्हणतो, कारण नाहीतर माझे शनिवार कशासाठी? पण सव्वादोन टक्के हा आकडा डोक्यातून जात नाही.

मागच्या शनिवारी मी ताईंना लांबलचक मेल लिहिली. त्यात टिळक, स्टीफन्स, आजी सगळे घातले. (ताईंनी तीन दिवस उत्तर दिलं नाही, मला वाटलं हाकलतात आता.) म्हटलं, देणगीसाठीचे फोटो मी लावीन, शक्यतो दुसऱ्या प्रकारचे, नाव विचारून, परवानगी घेऊन. पण त्याशिवाय ती भिंत मला द्या. रांगेतल्या बायका जो कागद वाचत होत्या तो कोण लिहितं? त्यावर काय असतं?

काल उत्तर आलं. तो कागद इंग्रजीत तयार होतो आणि मैदानातला जो कोणी मोकळा असेल तो घाईत भाषांतर करतो. वाटपाची जागा बदलली की जुना कागद काढायला कोणाला आठवण राहतेच असं नाही. "हवं तर ते काम घे, पण त्याला आकडे येत नाहीत," असं ताईंनी लिहिलंय, पुढे हसरा चेहरा.

तर उद्यापासून ते. पहिला नमुना केलाय: वरती मोठ्या अक्षरात तारीख, खाली जागा, वेळ, प्रत्येकाला किती किलो, कार्ड हरवलं तर कुठे जायचं, तक्रारीचा फोन. कागद कधीपर्यंत खरा तेही. आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, किलोच्या आधी गावाचं नाव टाक, आणि अक्षर अजून मोठं कर.